उजवा आणि डावा

विल्मा बाबांची दाढी करत होती. एका हाताने त्यांची हनुवटी वर धरून दुसऱ्या हाताने ती ब्लेड गळ्यावरून अलगद वर आणत होती, आणि बाबा डोळे मिटून फेसातून बोलत होते. मराठीत, माझ्याशी.

"हिचा हात हलका आहे गो. आपल्या गावच्या न्हाव्याला असं जमलं नसतं. पण जायला हवी. ही सगळीच जायला हवीत."

"बाबा, हलू नका. कापेल."

"मी खोटं बोलतोय? दुकानात बघ, शेतात बघ, इथे हॉस्पिटलात बघ. काल आली आणि आज ह्यांना घर पाहिजे, शाळा पाहिजे. आम्ही आलो तेव्हा आमच्यासाठी कोणी पायघड्या घातल्या होत्या?"

विल्माने ब्लेड पाण्यात बुडवलं आणि हसत मला विचारलं, "काय म्हणतायत?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी डोळे उघडले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुझा हात हलका आहे, असं सांगत होतो हिला."

विल्माने त्यांच्या गालावर थोपटलं. उबदार ओल्या फडक्याने तिने त्यांचं तोंड पुसलं, कानामागचा फेससुद्धा काढला.  खिडकीशी जाऊन मी पाठमोरी उभी राहिले.

तो दोन हजार सोळाच्या जूनमधला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमध्ये मतदान होतं, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. विल्मा त्या वॉर्डातली सेविका, लिथुआनियाची. कोबीच्या आणि बटाट्याच्या शेतांनी वेढलेल्या आमच्या त्या शहरात ती अकरा वर्षं राहत होती, तिची दोन्ही मुलं तिथल्याच शाळेत होती, आणि तिला मत नव्हतं. मला होतं. मी चौदाव्या वर्षी तिथे गेले आणि पासपोर्ट अजून भारताचा ठेवला आहे, पण पूर्वी ज्यांच्यावर इंग्रजांनी राज्य केलं त्या देशांची माणसं तिथे राहत असतील तर त्यांना मत देता येतं. विल्माला मी हे एकदा सांगितलं, तेव्हा तिने मान हलवली होती, दुकानात एखादी वस्तू संपली आहे असं कळल्यावर हलवावी तशी.

बाबा, म्हणजे विश्राम धुरी, त्या शहरातल्या इंजिनांच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. ते आले त्या पहिल्या हिवाळ्यात बसथांब्यावर एक माणूस त्यांच्या कोटावर थुंकला होता. ही गोष्ट लहानपणी मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकली. त्या वर्षी मात्र त्यांनी ती एकदाही सांगितली नाही.

दुपारी प्रधानकाका आले. ते आमच्या मराठी मंडळाचे पंधरा वर्षं अध्यक्ष. कोटाच्या खिशात पत्रकांची गड्डी होती. एक बाबांना, एक मला, आणि एक त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या इंग्रजालाही दिलं.

"विश्रामराव, उद्या तुम्ही खाटेवर. एक मत गेलं ना आपलं."

"जात नाही. वैजू टाकणार आहे माझं. कागद केलाय तसा." हॉस्पिटलात असलेल्याला आपलं मत दुसऱ्याच्या हातून टाकून घेता येतं. त्या कागदावर माझं नाव होतं.

प्रधानकाका माझ्याकडे बघून हसले. "हिच्या हातात दिलंत? ही पुस्तकं वाचणारी. ही त्यांच्या बाजूची."

"माझी मुलगी आहे ती. सांगेन तिथेच फुली मारेल."

"मारायलाच हवी. अहो, साधा हिशेब आहे. हे गेले की जागा रिकाम्या. जागा रिकाम्या की व्हिसा आपल्या माणसांना. तुमच्या गावची पोरं येतील, बघा. इंग्रजी येणारी, धुतलेल्या कपड्यांची."

त्याच वेळी विल्मा बाबांच्या खाटेखालून लघवीचं भांडं काढून घेऊन गेली. प्रधानकाकांनी पाय बाजूला घेतले, तिच्याकडे न बघता.

ते गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "तुम्हाला खरंच असं वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोड. लवूला सांगितलंय. तो उद्या सकाळी कौल लावेल. दोन गोष्टींचा."

लवूकाका बाबांचे चुलतभाऊ, गावी राहतात. आमच्या तळकोकणात गावच्या देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि सगळे बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाबांनी विलायतेला यायचं की नाही, ते रवळनाथाला विचारून ठरलं होतं. माझं लग्न मोडायचं की नाही, तेही त्यांनी विचारलं होतं, मला न विचारता.

"कोणत्या दोन?"

"एक, परवाचं ऑपरेशन. दुसरं, हे मत."

ऑपरेशन हृदयाच्या झडपेचं होतं. सर्जनने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं: शुक्रवारी करता येईल, किंवा औषधांवर सहा आठवडे थांबून छातीतला जंतुसंसर्ग पूर्ण गेल्यावर करता येईल. दोन्हींत धोका आहे, कशात जास्त ते सांगता येत नाही. मी म्हणत होते थांबा. बाबांना शुक्रवारीच उरकायचं होतं, कारण सप्टेंबरात चतुर्थी होती आणि त्यांना गावच्या घरी गणपतीला जायचं होतं. पाच दिवस आमचा ह्यावरून वाद चालला होता.

"युरोपीय संघाबद्दल रवळनाथाला विचारणार तुम्ही?"

"का? त्याला कळत नाही?"

"आणि त्याने सांगितलं राहा, तर?"

"तर राहा." ते अगदी साधेपणाने म्हणाले. "प्रधान काय, टीव्हीवरचे ते काय, कोणाला ठाऊक आहे उद्या काय होणार? प्रत्येक जण छातीठोक सांगतो, आणि कोणाला काही माहीत नाही. मग ज्याला माहीत असेल त्याला विचारावं."

यंत्रांच्या आवाजाने बाबांचे कान गेले होते. फोनवर त्यांना काही कळत नसे, गावचे सगळे निरोप माझ्यामार्फत यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते तेव्हा लवूकाकांचा फोन आला. तिकडे साडेबारा वाजले होते.

"वैजू? ऐकतंस मां?"

"ऐकतेय, काका."

"सकाळीच देवळात गेलंय. गुरवान गाऱ्हाणा घातल्यान. तुझ्या बापसाचा नाव, हॉस्पिटल, वॉर्ड, खाटेचो नंबर, सगळा देवाक सांगलंय."

"खाटेचा नंबरसुद्धा?"

"मगे? देवान खय शोधीत बसाचा?"

मग त्यांनी आधी ऑपरेशनचा कौल सांगितला. मी बरं म्हटलं.

"आता दुसरो. भायर पडूचा काय, असा विचारल्यान. उजवी पाकळी पडली गो. इचारूक वेळ, पडूक वेळ नाय. देव वाटच बघीत होतो."

"उजवी म्हणजे हो?"

"उजवी म्हणजे व्हय. तू विलायतेत शिकलंस म्हणान ता बदलाक नाय." ते स्वतःच हसले. "जसाच्या तसा सांग तेका. आपल्या मनाचा घालू नको."

फोन ठेवून मी चहाकडे वळले. त्यावर साय धरली होती.

मतदानकेंद्रात मी काय करते ते बघायला कोणी येणार नव्हतं. पण बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवून दिलेल्या कागदावर उलटी फुली मारणं मला शक्य नव्हतं. तसा विचार आदल्या रात्रीही मनात आला होता आणि मी तो झटकला होता. ती चोरी झाली असती. कौलाची गोष्ट वेगळी होती. पाकळी ओली असते, पाषाण गुळगुळीत असतो, आणि केव्हातरी कोणतीतरी पडणारच. जे मुळात कोणी बोललेलंच नाही ते बदलून सांगितलं तर खोटं ठरत नाही, असं मी गाडीत स्वतःला समजावलं. वाचन असलं की अशी वाक्यं चटकन सुचतात.

बाबा उशीला टेकून बसले होते. विल्माने त्यांना विंचरलं होतं, भांगसुद्धा त्यांच्या सवयीप्रमाणे डावीकडे.

"लवूचा आला?"

"आला."

"बोल. मोठ्याने बोल."

मी खाटेवर बसले, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला. "ऑपरेशनला उजवा. करायचं."

त्यांनी श्वास सोडला. "बघ. आणि तू थांबा थांबा म्हणून डोकं खात होतीस."

"हो."

"आणि दुसरं?"

"डावा."

"काय?"

"डावा, बाबा. बाहेर पडायचं नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फार स्वच्छ झाले होते, लहान मुलासारखे. मी नजर हलवली नाही.

"लवूने नीट बघितलं ना?"

"गुरव होता, सगळे होते. पाकळी लगेच पडली म्हणाले."

"लगेच?"

"देव वाटच बघत होता म्हणाले."

बाबा हळूहळू हसायला लागले. हसताना त्यांना धाप लागली आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे एकात तू पडलीस आणि एकात मी पडलो. मग खराच तो. तुझ्या मनचं असतं तर दोन्ही तुझ्याच बाजूचे आले असते."

"आता काय करू?"

"काय करू काय? सांगितलंय तसं टाक. प्रधानला बोलू नको. उगीच इथे येऊन डोकं उठवील."

मतदान एका चर्चच्या सभागृहात होतं. माझ्यापुढची बाई स्वतःचं पेन घेऊन आली होती, तिथल्या पेन्सिलीची खूण रात्री खोडतील म्हणून. मला दोन कागद मिळाले. मी दोन्हींवर एकाच चौकोनात फुली मारली, घड्या घातल्या, ते पेटीत टाकले आणि बाहेर आले. मला बरं वाटत होतं. वाटेत मी थांबून कॉफी घेतली. आज त्या बरं वाटण्याची आठवण झाली की मला माझीच शिसारी येते.

शुक्रवारी पहाटे निकाल लागला. मी साडेसहाला वॉर्डमध्ये पोचले. प्रधानकाकांनी मंडळाच्या सगळ्यांना पेढ्यांच्या ताटाचं चित्र पाठवलं होतं, खाली लिहिलं होतं, 'सुटलो'. टीव्हीचा आवाज बंद होता, माणसं तोंडं हलवत होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विल्मा काखेत धरून संडासातून परत आणत होती. त्याला खाटेवर बसवून तिने त्याचे पाय एकेक करून वर घेतले, आणि तो तिला म्हणाला, "काय मग, पोरी? बॅग भरली का?"

तो चेष्टेने म्हणाला होता. आजूबाजूचे दोघे हसलेही. विल्माने त्याच्या पायांवर पांघरूण घातलं.

"पडले बाहेर?" बाबांनी विचारलं.

"पडले."

"कितीने?"

"बारा लाखांच्या वर."

"अरेरे. देवाचंसुद्धा ऐकलं नाही लोकांनी." मग थोड्या वेळाने, "म्हणजे आपलं मत इकडे पडलं काय, तिकडे पडलं काय, सारखंच होतं."

"सारखंच."

विल्मा त्यांच्या छातीवरचे केस काढायला आली. डोळे सुजलेले होते, हात नेहमीसारखा. बाबांनी तिचं मनगट धरलं आणि इंग्रजीत, वॉर्डमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी तुझ्यासाठी मत दिलं. तू राहावंस म्हणून. विचार माझ्या मुलीला."

विल्माने माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "त्यांचं मत मीच टाकलं."

तिने वाकून बाबांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. बाबा लाजले, आणि त्यांना त्या क्षणी खरोखरच वाटत होतं की ते सुरुवातीपासून तिच्या बाजूचे होते. मग तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि लिथुआनियन भाषेत काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ आभार असा होता, हे तिने सांगायची गरज नव्हती. मला हात धुवावेसे वाटले.

साडेआठला त्यांना न्यायला आले. चष्मा माझ्याकडे देऊन बाबा म्हणाले, "सांभाळ. मागच्या वेळी काडी वाकवलीस." दुपारी सव्वादोनला सर्जन बाहेर आला, टोपी हातात घेऊन. झडप नीट बसली होती. छातीतल्या संसर्गाने घात केला. थांबलो असतो तर, असं मी विचारलं. तो म्हणाला, तर कदाचित, आणि कदाचित थांबण्यातही गेले असते. ह्याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

गावी फोन करून मी एवढंच सांगितलं की बाबा गेले. लवूकाका काही बोलायला लागले तेव्हा मी फोन ठेवला. त्यानंतर त्यांचे फोन मी घेतले नाहीत.

पुढच्या वसंतात विल्मा मुलांना घेऊन परत गेली. तिला कोणी घालवलं नव्हतं, कागद सगळे मिळणार होते. राहावंसं वाटत नाही, एवढंच म्हणाली. प्रधानकाकांचा हिशेब मात्र खरा ठरला. काही वर्षांनी रिकाम्या जागांवर आपल्याकडची माणसं यायला लागली, नर्सा, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या मुली. मागच्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला प्रधानकाका भेटले तेव्हा मला म्हणाले, "केरळची फार झालीत हो आता. जिथे बघावं तिथे तीच." त्यांच्या तोंडात चकली होती. मी ताटली तशीच ठेवून निघून आले.

बाबा गेल्यावर आठ वर्षांनी मी गावी गेले. लवूकाका ऐंशी पार झाले होते, काठी घेऊन चालत होते. फोन का घेतला नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चल देवळात. वरच्या वाडीतली समीक्षा विलायतेक जाता, तिचो कौल आसा. तुका इचारतली कायबाय."

समीक्षा तेवीस वर्षांची, कुडाळात नर्सिंग शिकलेली. तिला म्हाताऱ्यांच्या एका निवासात नोकरी मिळत होती, आमच्या शहरापासून तासाभरावर. आई बरोबर आली होती, आठ-दहा गावकरी होते. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. पाकळ्या बराच वेळ हलल्याच नाहीत. समीक्षा ओठ चावत उभी होती. मग डावी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"ह्या वर्षी नको म्हणता देव," गुरव म्हणाला.

समीक्षाचा चेहरा पडला. "पण व्हिसा इलोहा, काका. पुढच्या वर्षी ते देतीत काय? तिकडचे नियम महिन्या महिन्याक बदलतत."

"नियम बदलांदेत," लवूकाका म्हणाले. "कौल मोडू नको. कौल मोडल्यार काय होता ता ह्या गावात लहान पोरापासून सगळ्यांका ठावक आसा." त्यांनी काठीने माझ्याकडे दाखवलं. "ह्येचो बापूस. विश्राम. देवान सांगल्यान थांब, ऑपरेशन करू नको. डावी पडलेली, ह्या माझ्या डोळ्यांनी बघलंय. आयकूक नाय तेणी. विलायतेचो डॉक्टर देवापरास मोठो झालो तेका."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बघण्यात दया होती, आणि दयेच्या खाली जरा समाधानही. समीक्षाच्या आईने मुलीचा दंड धरला. आठ वर्षं माझ्या बापाचं नाव त्या देवळात असं घेतलं जात होतं, मुलांना भीती घालायला. चप्पल घ्यायची तरी देवाला विचारणाऱ्या माणसाचं.

"लवूकाका," मी म्हटलं. "बाबांनी कौल मोडला नाही."

"अगो, डावो होतो. मी तुकाच तर सांगलंय."

"मलाच सांगितलंत. डावा होता. मी त्यांना उजवा सांगितला."

गुरव खाली वाकून पाकळी उचलत होता, तो तसाच राहिला.

"कित्या?" लवूकाकांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"मताचा उजवा आला होता, तो मला फिरवायचा होता. तेवढाच फिरवला असता तर दोन्ही माझ्या मनासारखे झाले असते, आणि त्यांनी मला ओळखलं असतं. म्हणून ऑपरेशनचाही फिरवला. मला स्वतःला वाटत होतं की त्यांनी थांबावं. डॉक्टर थांबायला तयार होते. देवाने सांगितलंय म्हटल्यावर ते एका शब्दात थांबले असते. पण मला त्यांचं एक मत हवं होतं, काका. पुढे त्या मताचा काही उपयोगही झाला नाही."

 समीक्षा माझ्याकडे बघत होती.

"थांबले असते तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. ते कोणालाच माहीत नाही. पण त्यांनी काही मोडलं नाही. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी ऐकलं. ह्यापुढे ही गोष्ट सांगाल तेव्हा त्यांचं नाव घेऊ नका. माझं घ्या."